चिकटवायची गोधडी

यशोदाबाई जात मानत नव्हत्या. हे त्या स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगत.

एकलहऱ्याच्या वाटेवर वीज केंद्रात नोकरी करणाऱ्यांची एक कॉलनी होती, तिथल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. अध्यक्ष कशा झाल्या, तर त्यांचे यजमान रंगनाथराव कार्यकारी अभियंता झाले म्हणून. साहेबांना बढती मिळाली आणि त्याच आठवड्यात बाईंना बिनविरोध निवडून दिलं गेलं. कॉलनीत एका बाजूला साहेबांचे बंगले, दुसऱ्या बाजूला कारकून, ऑपरेटर, मास्तर यांची क्वार्टर्स, आणि मधोमध मंडळाचा हॉल. हॉल मधोमध असल्यामुळे आपल्या कॉलनीत भेदभाव नाही, असं यशोदाबाईंचं मत होतं.

त्र्याऐंशी सालची संक्रांत नुकतीच झाली होती. नाशिकची थंडी अजून हटली नव्हती. मुंबईच्या कचेरीतले मोठे साहेब पाहणीला येणार आणि त्यांच्या पत्नी महिला मंडळाला भेट देणार, असा निरोप आला. मोठ्या साहेबांच्या पत्नीला काय द्यायचं, यावर यशोदाबाईंनी दोन रात्री विचार केला. शाल सगळेच देतात. चांदीचा करंडा गेल्या वेळी दुसऱ्या कॉलनीने दिला होता. मग एका मासिकात त्यांनी कापडाची फुलं-पानं कापून चादरीवर लावायची कला पाहिली. त्या कलेला ॲप्लिक म्हणतात हे वाचलं, आणि आठवडाभर तो शब्द त्या भाजीवालीशी बोलतानासुद्धा वापरू लागल्या.

"एकात्मतेची गोधडी," त्यांनी मंडळाच्या सभेत जाहीर केलं. "प्रत्येक घरातून एक तुकडा. प्रत्येक तुकड्याचं एक फूल. सगळी फुलं एका गोधडीवर. ॲप्लिक."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या सेक्रेटरी कुसाबाई, हिशेब खात्यातल्या कारकुनाच्या पत्नी, तर अगदी खुलल्या.

"वहिनी, मग गुरुवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकू. मध्ये गोधडी पसरायची आणि चहूबाजूंनी बसायचं. दोन-तीन बैठकांत होऊन जाईल."

"सगळ्याजणी?" यशोदाबाईंनी विचारलं.

"सगळ्याजणी. एकात्मतेचीच आहे ना."

यशोदाबाईंच्या डोळ्यांपुढे ती सतरंजी आली. गोधडी शिवायची म्हणजे गुडघ्याला गुडघा लागणार. एकच रीळ इकडून तिकडे फिरणार. दोरा कोणी दाताने तोडणार, कोणी ओठात ओला करून सुईत ओवणार आणि ती सुई शेजारणीच्या हातात देणार. आणि सभेत मागच्या बाकावर चांगुणाबाई बसल्या होत्या. चांगुणाबाई कॉलनीच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. त्यांचे यजमान मल्हारीराव केंद्रात ऑपरेटर. क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी पुस्तकांची मांडणी. यशोदाबाईंना त्यांच्याविषयी काहीच तक्रार नव्हती. बाई स्वच्छ होती, शिकलेली होती, हळदीकुंकवाला बोलावलं नाही तर रुसत नव्हती. फक्त त्यांच्या ओठात ओला झालेला दोरा आपल्या हाती येणार, हा विचार यशोदाबाईंना सोसवेना. आता हे काही जात मानणं नव्हे. ही स्वच्छतेची आवड.

"टाके घालायचे दिवस गेले, कुसाबाई," त्या म्हणाल्या. "हल्ली मुंबईला सगळं चिकटवतात. ज्याने त्याने घरच्या घरी फूल कापावं, मागे काय लावायचं ते लावावं आणि माझ्याकडे पाठवावं. मी वरून इस्त्री फिरवीन. कुणाला हॉलपर्यंत यायचा त्रास नको."

मागच्या बाकावर चांगुणाबाईंनी एकदा कुसाबाईंकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

तर चिकटवायचं ठरलं. कशाने, ते ठरेना.

पहिल्यांदा यशोदाबाईंनी मैद्याची खळ शिजवली. कुसाबाई म्हणाल्या, त्यात चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर किडे लागतात. विषारी वस्तू भेटीत घालायची का, असं विचारून यशोदाबाईंनी ती सूचना उडवून लावली. पहिली आठ-दहा फुलं झकास चिकटली. सकाळी कपाट उघडलं तर मुंग्या आल्या होत्या. एकात्मता मुंग्यांत होती म्हणावं लागेल, कारण त्या कोणत्या क्वार्टरचं फूल आहे हे न पाहता सगळी फुलं सारख्याच आवडीने खात होत्या.

मग सुताराकडचा पांढरा गोंद आणला. त्याने फुलं अशी बसली की जागची हलेनात. पण वाळल्यावर त्यांचे पापड झाले. गोधडीची घडी घातली की कडकड आवाज येई. रंगनाथरावांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "थंडीत अंगावर घेतली तर माणूस मोडेल." एवढं बोलून ते पेपर वाचू लागले. साहेब घरात कमी बोलत. केंद्रावर खूप बोलावं लागतं, असं यशोदाबाई सांगायच्या. केंद्रावरचे लोक, साहेब घरी खूप बोलत असतील, असं समजून चालायचे.

तिसऱ्या वेळी त्या जीप घेऊन नाशकात द्वारकेला चिमाजी टेलरकडे गेल्या. चिमाजीने शर्टांच्या कॉलरमध्ये घालायचं चिकट कापड काढून दाखवलं. इस्त्रीच्या उष्णतेने त्याचा चिकटपणा सुटतो आणि ते कापडाला धरून बसतं. शिंपी लोक त्याला पेस्टिंग म्हणत.

"ताई, माणूस जाईल पण कॉलर वाकणार नाही," चिमाजी म्हणाला.

यशोदाबाईंनी मोठा तागा घेतला आणि बरोबर आणलेल्या सुती फुलांच्या पाठीला ते त्याच्याच इस्त्रीने लावून घेतलं. फुलं टणटणीत झाली. घरी येऊन गोधडीवर ठेवली, तर एकही चिकटेना. कारण पेस्टिंगला गोंद एकाच बाजूला होता, आणि ती बाजू फुलाने घेतली होती. त्या पुन्हा द्वारकेला गेल्या.

"दोन्ही बाजूंनी चिकटायला पाहिजे होतं का?" चिमाजी म्हणाला. "मग आधी सांगायचं ना, ताई. आपल्याकडे मुंबईची जाळी आहे." कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ काहीतरी त्याने कपाटातून काढलं. फूल आणि गोधडी यांच्या मध्ये ते ठेवायचं आणि वरून इस्त्री दाबायची. या जाळीचं तो आधी का बोलला नाही, असं यशोदाबाईंच्या मनात आलं. पण चिमाजीने त्यांना स्टूल पुसून दिलं होतं आणि थंड पेयाची बाटली मागवली होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

आता राहिली इस्त्री.

कॉलनीच्या फाटकाशी पुंजा कोळशाची इस्त्री घेऊन बसे. त्याला बंगल्याच्या मागच्या अंगणात बोलावलं. पहिल्याच फुलावर इस्त्रीच्या भोकातून ठिणगी उडाली आणि फुलाला मधोमध एक काळं भोक पडलं.

"बाई, माही इस्त्री पँटीची हाय," पुंजा म्हणाला. "तिला फुलं जमायची नाय." आणि तो इस्त्री उचलून आपल्या जागेवर जाऊन बसला.

मग यशोदाबाईंनी स्वतःची विजेची इस्त्री काढली. लग्नात माहेरहून आलेली, दगडासारखी जड. तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, तापायचं आणि न तापायचं. क्वार्टर्सकडून आलेली फुलं जुन्या सुती लुगड्यांची होती. ती पहिल्याच फटक्यात चिकटली. अडचण बंगल्यांची होती. जुनं सुती दिलं तर आपल्याकडे सुती वापरतात हे चारचौघींत कळेल, म्हणून बंगल्यांतल्या बायकांनी नायलॉन आणि टेरिलिनचे तुकडे दिले होते. यशोदाबाईंनी स्वतः तर दिराने सिंगापूरहून आणलेल्या गुलाबी नायलॉन साडीचा पदर फाडून कमळ कापलं होतं. ते कमळ गोधडीच्या बरोबर मध्यावर यायचं होतं.

त्यांनी कमळावर इस्त्री टेकवली. कमळ मिटलं. उमललेल्या कमळाने असं दिवसाढवळ्या मिटावं हे काही बरं लक्षण नव्हतं. त्यांनी इस्त्री उचलली तर कमळ इस्त्रीबरोबर वर आलं, तारा काढत. घरभर जळका वास सुटला. रंगनाथरावांनी आतून विचारलं, "केबल जळतेय का?"

कुसाबाईंनी सुरीने इस्त्रीचा तळ खरवडून दिला. खरवडता खरवडता त्या म्हणाल्या, "वहिनी, नायलॉनला इस्त्री कोमट पाहिजे. चांगुणाबाईंकडे ऑटोमॅटिक आहे. तिला चकती आहे, ती फिरवली की झालं. त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली."

कॉलनीत तेव्हा तसली इस्त्री दुसऱ्या कोणाकडे नव्हती. यशोदाबाईंनी इस्त्रीचा खरवडलेला तळ बोटाने चाचपून पाहिला.

"मागवून घ्या," त्या म्हणाल्या. "वापरून झाली की पुसून परत देऊ."

कुसाबाई गेल्या आणि हात हलवत परत आल्या.

"त्या म्हणाल्या, इस्त्री मंडळाच्या कामाला केव्हाही घ्या. पण ती एकटी कुठे जात नाही. मी तिच्याबरोबर येते."

पाहुण्या चार दिवसांवर आल्या होत्या. शेवटी यशोदाबाईंनी चपला घातल्या आणि त्या क्वार्टर्सच्या बाजूला निघाल्या. इतक्या वर्षांत त्या बाजूला त्या मतदानाला आणि मयतीला तेवढ्या गेल्या होत्या. चांगुणाबाईंनी दार उघडलं. आत खुर्ची होती. ती त्यांनी पायाने पुढे सरकवली.

"या ना, ताई. बसा."

"नको, घाईत आहे."

"पाणी तरी?"

"आत्ताच चहा घेऊन निघाले," यशोदाबाई म्हणाल्या. घशाला कोरड पडली होती.

चांगुणाबाई साध्या नव्हत्या. घाईतल्या माणसाला उंबऱ्यावर किती वेळ उभं करता येतं, हे त्यांना पालकसभांमुळे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. दिवाळीपासून थंडी किती वाढली ते सांगितलं. शाळेच्या छपराचं काय झालं ते विचारलं. यशोदाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिल्या आणि उत्तरं देत राहिल्या.

"मला तुमची इस्त्री हवी होती," शेवटी त्या म्हणाल्या. "मंडळासाठी."

"मीही मंडळाचीच आहे की. वर्गणी भरते."

"तसं नाही हो. तुमची शाळा असते. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"शाळा सकाळची. दुपारी मी मोकळीच असते." चांगुणाबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "पण काय चिकटत नाहीये, ताई?"

"नायलॉन."

"अच्छा. नायलॉन होय."

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं यशोदाबाईंना परत येताना वाटत राहिलं.

दुसरा उपाय नव्हता. पाहुण्या येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी हॉलमध्ये जमायचं ठरलं. पण अध्यक्ष होणं म्हणजे काही गंमत नव्हे. यशोदाबाईंनी आधीच फळ्यावर सूचना लिहवून घेतली, की सध्या सर्दी-पडशाचे दिवस आहेत, तरी आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येकीने आपापली कपबशी आणावी. मंडळाच्या कपाटात कपबशा भरपूर होत्या. सर्दी कॉलनीत कोणालाच नव्हती.

चांगुणाबाई इस्त्री घेऊन आल्या, कपबशी घेऊन आल्या आणि चहाने भरलेला मोठा थर्मास घेऊन आल्या. इस्त्री नवी, हलकी, तळ आरशासारखा. त्यांनी चकती फिरवली, जाळी मांडली, एका साहेबीणबाईंनी फुलाऐवजी कापलेला टेरिलिनचा पोपट ठेवला आणि दाबला. पोपट नीट बसला. बायका "वा" म्हणाल्या.

हे "वा" यशोदाबाईंना मानवलं नाही. उद्या पाहुण्यांसमोर कोणी म्हटलं, की सगळी गोधडी त्यांच्या इस्त्रीने झाली, तर? त्यांनी माणूस धाडून घरून आपली जड इस्त्री मागवली. "दोन हात लागले की काम लवकर होतं," असं म्हणत त्यांनी ती त्याच बोर्डाच्या दुसऱ्या भोकात खुपसली. दोन्ही इस्त्र्या तापू लागल्या. बोर्डही तापू लागला. फट्कन आवाज झाला, आणि हॉलमधली वीज गेली.

यशोदाबाईंनी हॉलच्या फोनवरून साहेबांना फोन लावला.

"फ्यूज ना?" रंगनाथराव म्हणाले. "तक्रार वायरमनकडे नोंदवा." आणि त्यांनी फोन ठेवला.

वायरमन केरू सिन्नरला लग्नाला गेला होता. ज्या कॉलनीतले नवरे रोज उठून अर्ध्या महाराष्ट्राला उजेड पुरवत, तिथे फ्यूजची तार घालायला कोणी मिळेना. उन्हं उतरायला लागली. निम्म्याहून जास्त फुलं तशीच सुटी पडून होती.

"आता काय, सुई," कुसाबाई म्हणाल्या आणि सतरंजी उलगडायला लागल्या.

कोणी परवानगी मागितली नाही. बायकांनी गोधडी पसरली, चहूबाजूंनी मांड्या घातल्या आणि पिशव्यांतून सुया-दोरे काढले. जिथे जागा मिळाली तिथे जी ती बसली. बंगल्यातली बाई क्वार्टरमधलीच्या शेजारी बसली, कारण खिडकीचा उजेड त्या बाजूला होता. रीळ फिरायला लागलं. हॉलमध्ये बोलणं वाढलं. कोणाच्या सासूचं, कोणाच्या मुलाच्या गणिताचं, कोणाच्या घरातल्या घुशीचं. चांगुणाबाईंनी थर्मास उघडला. पहिल्यांदा कुसाबाईंनी आपली कपबशी पुढे केली. मग दुसरीने, मग तिसरीने. बाहेर थंडी होती आणि चहात आलं होतं. त्यापुढे तत्त्वं टिकली नाहीत.

यशोदाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची त्यांनीच मागवली होती. तिथून त्या सूचना देत होत्या. पान डावीकडे घ्या, टाका बारीक घाला, दांडी सरळ ठेवा. बायका "हो, वहिनी" म्हणत आणि मनाला येईल तसं शिवत.

"वहिनी, तुमचं कमळ राहिलंय," कुसाबाई म्हणाल्या. "इकडे या, इथे जागा आहे."

जागा चांगुणाबाईंच्या शेजारी होती. यशोदाबाईंनी उरलेल्या गुलाबी पदरातून दुसरं कमळ कापून आणलं होतं. ते त्यांच्या हातात होतं.

"तुम्हीच लावा," त्या म्हणाल्या. "माझं मेलं नजरेचं असं झालंय हल्ली."

"द्या इकडे," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी कमळ घेतलं, गोधडीच्या मध्यावर ठेवलं आणि नायलॉनच्या कडा आत दुमडल्या. नवा दोरा काढला. त्याचं टोक ओठांत धरून सावकाश ओलं केलं. मग मान वर करून यशोदाबाईंकडे पाहिलं. सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका घातला. यशोदाबाई फळ्यावरची सूचना वाचू लागल्या. ती त्यांनीच लिहवलेली होती, तरी दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या. गोधडी टेबलावर पसरली होती. त्यांनी चष्मा लावला आणि फुलं पाहत पाहत बोट मधल्या कमळावर ठेवलं.

"किती नाजूक बसलंय हे. नायलॉनला एवढे बारीक टाके घालणं सोपं नाही. कोणाचं?"

"माझं," यशोदाबाई म्हणाल्या. कमळ त्यांचंच होतं.

"तुम्ही स्वतः शिवलंत?"

सगळ्या बायकांच्या माना यशोदाबाईंकडे वळल्या. यशोदाबाईंनी पदर सारखा केला.

"आमच्याकडे तुझं-माझं असं काही नसतं," त्या म्हणाल्या. "सगळ्या मिळूनच करतो."

पाहुण्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या भाषणातही घेतलं. कँटीनचा चहा यायला उशीर होत होता. चांगुणाबाईंनी थर्मासमधून पाहुण्यांना चहा दिला. पाहुण्यांनी घोट घेतला, आणखी एक कप भरून घेतला आणि तो शेजारी बसलेल्या यशोदाबाईंच्या हातात दिला. "अध्यक्षांनी आधी घ्यायला हवा होता, नाही का?" त्या म्हणाल्या. समोर सगळं मंडळ बसलं होतं. यशोदाबाईंनी चहा घेतला. चहा चांगला होता, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

आभार मानायचं काम चांगुणाबाईंकडे होतं. पाच-पन्नास मुलांना रोज गप्प बसवणारा आवाज, तो हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"अध्यक्ष यशोदाताईंचे विशेष आभार," त्या म्हणाल्या. "ही गोधडी आम्ही चिकटवणार होतो. त्यांनी इतकी मेहनत घेतली की शेवटी ती शिवावी लागली. काल वीज गेल्यावर आम्ही सगळ्या खाली बसलो होतो. त्या एकट्या खुर्चीवर बसून आमच्याकडे लक्ष ठेवत होत्या. एवढ्या थंडीत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही."

पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय त्यागी बाई. मंडळातल्या बायकांनी त्याहून जोरात वाजवल्या. कुसाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. यशोदाबाईंनी हात जोडून मान लववली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

गोधडी मुंबईला गेली. बायकांना मात्र बसायची सवय लागली. गुरुवारची बैठक चांगुणाबाईंच्या क्वार्टरमध्ये भरू लागली, कारण तिथे इस्त्री होती आणि चहा होता. हॉलची किल्ली यशोदाबाईंकडेच राहिली. त्यांनी सभांच्या सूचना काढल्या, त्या बायकांनी वाचल्या, आणि सभेला आल्याही. सभा संपली की मात्र त्या घोळक्याने क्वार्टर्सच्या बाजूला जात. यशोदाबाई हॉलला कुलूप लावत. एकदा त्यांची पावलं त्या बाजूला वळली होती. मग बंगल्यावर दूधवाला आला असेल, असं त्यांना आठवलं. दूधवाला सकाळी येई.

मे महिन्यात त्या कळवणला माहेरी गेल्या. ओसरीवर भावजय चतुराबाई लसूण सोलत बसली होती. यशोदाबाईंनी तिला सगळी हकीकत सांगितली. मुंबईच्या बाईंनी कसं कौतुक केलं, भाषणात आपलं वाक्य कसं घेतलं, सगळ्या थरातल्या बायकांना आपण एका सतरंजीवर कसं बसवलं.

"आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत," त्या म्हणाल्या. "मीच सुरू केलं ते."

चतुराबाईने मनापासून ऐकलं. मग हातातली पाकळी सोलून टोपल्यात टाकली.

"लय चांगलं झालं म्हनायचं," ती म्हणाली. "आन् तुमी कोनाच्या शेजारी बसल्या व्हत्या, वन्सं?"

यशोदाबाईंनी दुसरा लसूण उचलला आणि त्याची टरफलं काढायला लागल्या.

"मी अध्यक्ष होते गं," त्या म्हणाल्या. "अध्यक्षाला शेजार नसतो."